सौदामिनीबाईंचा चारशे सातचा भूकंप

सौदामिनीबाई जावा शिकताहेत ही बातमी आमच्या गल्लीत पसरली, तेव्हा पहिली शंका काढली ती जगदेवीकाकूंनी.

"बाईला सख्ख्या दोन जावा हायत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी तीस वर्षांत जमलं न्हाई. आता या वयात आणिक कुठल्या जावा शिकून राहिल्यात?"

जगदेवीकाकू म्हणजे समोरच्या डाळमिलच्या मालकीणबाई. जावा ही संगणकाची भाषा असते हे त्यांना मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग बरं हाय. ती उलटं बोलत नसंल."

इथे मात्र काकूंचा अंदाज चुकला. ती फार उलटं बोलायची.

मी त्या वेळी लातूरला 'मेरुशिखर क्लासेस'मध्ये केमिस्ट्री शिकवत होतो. किनवटहून आलो होतो. लातुरात तेव्हा घरं कमी आणि होस्टेलं जास्त अशी अवस्था होती. जिना असेल तिथे मेस, गच्ची असेल तिथे अभ्यासिका आणि भिंत मोकळी असेल तिथे कुणाचा तरी गुणवत्ता यादीतला फोटो. मेरुशिखरची तीन मजली इमारत सौदामिनीबाईंच्या घराला लागून होती आणि मी बाईंच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जेवणही त्यांच्याकडेच. जेवताना बाई मला नावाने हाक मारत नसत. "किनवटकर, भाकरी घ्या," म्हणत. किनवटकर हे माझं आडनाव नव्हतं, पण बाईंनी एकदा मांडलेलं गणित बदलायची पद्धत नव्हती.

बाई मुलींच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अर्धं लातूर त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं होतं. त्यांचे यजमान अनंतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ, कुणाला "अरे" म्हणतानाही आधी परवानगी घेतील असे. जगदेवीकाकूंचे यजमान मलप्पाशेठ त्यांना कचेरीतले मातीचे नागोबा म्हणत, कारण त्यांनी नोकरीभर कुणाला दंश केला नव्हता.

या अनंतरावांची एकच अडचण होती. ते घरात झोपत नसत.

भूकंपाला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. त्या दिवशी सकाळीच कचेरीची जीप किल्लारीकडे गेली, तिच्यात अनंतराव होते. पुढचे कित्येक दिवस ते तिकडेच होते. परत आल्यावर त्यांनी अंगणात पत्र्याचं छप्पर टाकलं, त्याखाली बाज ठेवली आणि तेव्हापासून ते तिथेच झोपत. थंडीत दोन गोधड्या, पावसात प्लास्टिक. तिथे काय पाहिलं ते त्यांनी बाईंनाही कधी सांगितलं नाही. बाईंनी बरेच दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं.

एवढं चाललं असतं. पण लातूरला अफवांचं पीक बारमाही. कुणीतरी सांगायचं, आज संध्याकाळी जमीन हलणार, अमक्या शास्त्रज्ञाने टीव्हीवर सांगितलंय. पानटपरीवर निघालेली बातमी गंजगोलाईच्या बाजाराला एक फेरी मारून परत यायची तोवर तिला तीव्रता, वेळ आणि दिशा मिळालेली असायची. अनंतराव लगेच शेजारच्या मैदानावर जायला बाज उचलत. आणि अंगणातून बाईंना हाका मारत उभे राहत, "अगं, ये ना बाहेर. अगं, ऐक ना."

"कुणी सांगितलं?" बाई आतून विचारत.

"लोक म्हणताहेत."

"कोण लोक? त्यांना कुणी सांगितलं?"

अनंतराव जागचे हलत नसत, आणि शेवटी बाई चरफडत बाहेर येऊन मैदानावर चटईवर बसत, तिथे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी लेकरं घेऊन आधीच बसलेल्या असत.

एकदा अशाच मैदानावरून परतताना बाई मला म्हणाल्या, "किनवटकर, लोकांना विचारण्यापेक्षा थेट जमिनीला विचारायची काही सोय नाही का?"

मी म्हणालो, भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका केंद्राचं संकेतस्थळ आहे, त्यावर आपल्या भागातल्या ताज्या धक्क्याची नोंद असते. उघडून बघायचं.

"सारखं कोण उघडून बघणार? यंत्रालाच विचारायला लावू."

झालं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बाई क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसू लागल्या. लॅब सांभाळणारा संगमेश्वर मुदखेडचा, नांदेडला शिकलेला, हुशार पण घाबरट पोरगा. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी "नीट बस" म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून शिकवणारा कोण आणि शिकणारं कोण याचा घोळ कायम राहिला.

बाईंच्या घरी त्यांच्या मुलाने, मिहिरने, पुण्याहून पाठवलेला एक संगणक होता. क्लासची केबल बाईंच्या गच्चीवरून जायची, त्या बदल्यात बाईंनी तिचा एक फाटा स्वतःच्या घरात घेतला. पण अडचण अशी होती की क्लासमधून इंटरनेटवर थेट जाता येत नसे. सगळ्या संगणकांचं बाहेरचं येणंजाणं एका मधल्या संगणकामार्फत चालायचं. त्याला म्हणतात प्रॉक्सी सर्व्हर. बाईंना त्याची परवानगी हवी होती. त्या क्लासच्या मालकांकडे, अंबरीशसरांकडे गेल्या. अंबरीशसर बाईंचेच विद्यार्थी. मुलींच्या शाळेतले नव्हेत, घरच्या शिकवणीतले.

ऑफिसात चार-पाच पालक बसले होते. बाईंनी दारातूनच सांगितलं, "अंबरीश, तुझ्याकडच्या प्रॉक्सीतून मला जाऊ दे."

अंबरीशसरांचा चेहरा पडला. "बाई, हळू. आपल्याकडे प्रॉक्सी अजिबात चालत नाही. हजेरी मी स्वतः घेतो."

"अरे, संगमेश्वरने मला स्वतः दाखवली. वीस पोरं रोज तिच्यातूनच जातात."

एक पालक उठून उभे राहिले. पुढचा अर्धा तास अंबरीशसर त्यांना प्रॉक्सी म्हणजे काय ते सांगत होते, आणि शेवटी बाईंना परवानगी मिळाली ती त्यांनी ऑफिसातून लवकर जावं म्हणूनच.

बाईंना स्वतःला प्रॉक्सी चटकन समजली. त्या जगदेवीकाकूंना समजावून सांगत होत्या ते मी ऐकलंय. "हे बघा, नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. सासूबाईंना सांगते, सासूबाई सासऱ्यांना विचारतात, उत्तर घेऊन येतात. माझा प्रोग्रॅम सून, प्रॉक्सी सासूबाई."

"म्हंजे मधी सगळं बदलून येणार," काकू म्हणाल्या.

"नाही हो, यंत्र आहे ते."

"सासू हाय म्हनलात ना."

प्रोग्रॅम पहिले काही दिवस चाललाच नाही. बाई विचारायच्या आणि पलीकडून उत्तर यायचं की तुमचा प्रश्नच चुकलाय. जन्मभर दुसऱ्यांचे प्रश्न चूक-बरोबर ठरवलेल्या बाईंना हे सहन होईना. शेवटी संगमेश्वरने भीत भीत सांगितलं, "बाई, थेट त्या केंद्राशी बोलताना नुसतं 'नोंद द्या' म्हणलं तरी चालतंय. पण मधी प्रॉक्सी असली की पूर्ण पत्ता सांगावा लागतोय. कुणाची नोंद, कुठून आणायची, सगळं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "सासूबाईंना नुसतं 'विचारा' म्हणून कसं चालेल? कुणाला विचारू म्हणतील." त्यांनी प्रश्नाच्या ओळीत पूर्ण पत्ता घातला आणि प्रोग्रॅम बोलू लागला.

पलीकडून येणारं उत्तर पाकिटासारखं असायचं. वरती पाकिटावरचा मजकूर: उत्तर ठीक आलं की नाही, केव्हा आलं, केवढं आहे. मग एक कोरी ओळ आणि त्याखाली खरं पत्र. बाईंनी प्रोग्रॅमला शिकवलं की पाकीट टाकून द्यायचं, पत्र उघडायचं, त्यातला पहिला आकडा म्हणजे भूकंपाची तीव्रता. तीनच्या वर असली तर सांगायचं. दर दहा मिनिटांनी विचारायचं.

पडद्यावर हिरव्या अक्षरात 'नवीन धक्का नाही' असं यायचं. बाई पडदा अंगणाच्या खिडकीकडे वळवून ठेवायच्या, म्हणजे अनंतरावांना बाजेवरून दिसेल. अनंतराव बघायचे, मान डोलवायचे आणि बाजेवरच झोपायचे.

मलप्पाशेठ हे यंत्र बघायला आले. मिलचे मालक, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "बाई, एक विचारू का? भूकंप झाल्यावर हे त्या केंद्राला कळणार, केंद्र त्या प्रॉक्सीला सांगणार, प्रॉक्सी तुमाला सांगणार. तवर आपण पडलो असू की वो खाली."

"हे भूकंप सांगायला नाहीच मुळी," बाई म्हणाल्या. "भूकंप नाही, हे सांगायला आहे."

शेठना ते पटलं नाही. जे यंत्र गप्प बसून काम करतं त्याला ते यंत्र मानत नसत. "आवाज पायजे," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मिलचा जुना भोंगा बाईंच्या गच्चीवर आला. मिलच्या वायरमनने तो संगणकाला जोडून दिला. बाईंनी नको म्हटलं, पण शेठनी तोवर गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं: भोंगा वाजला की समजायचं, सरकारी नोंद झाली. पळायचं.

तो रविवार होता. दुपारी मेडिकलच्या बॅचची मोठी टेस्ट. तिसऱ्या मजल्यावर मी सुपरव्हिजनला, खालच्या दोन्ही मजल्यांवर आणखी वर्ग. टेस्टच्या वेळी खालचं शटर ओढून बाहेरून कुलूप लावायची क्लासची पद्धत होती, कारण पोरं पेपर टाकून सिनेमाला जात. किल्ली वॉचमन रेवणप्पाकडे.

त्याच सकाळी संगमेश्वरने एक काम केलं होतं. लॅबमध्ये पोरं अभ्यासाऐवजी गप्पा मारत बसतात म्हणून अंबरीशसर त्याला रागावले होते, तेव्हा त्याने प्रॉक्सीला नाव आणि पासवर्ड लावला. आता कुणीही आलं की प्रॉक्सी आधी विचारणार, तू कोण? बाईंच्या घरातला फाटा त्याच्या डोक्यातून पार निघून गेला होता.

बाईंच्या प्रोग्रॅमने नेहमीसारखं विचारलं, ताजी नोंद काय? प्रॉक्सीने ते केंद्रापर्यंत पोहोचवलंच नाही. स्वतःच उत्तर दिलं: ओळख सांगितल्याशिवाय जाता येणार नाही. या नकाराला संगणकाच्या दुनियेत एक क्रमांक असतो, चारशे सात. तो पाकिटावरही होता आणि पत्राच्या सुरुवातीलाही. प्रोग्रॅमने शिकवल्याप्रमाणे पाकीट टाकून दिलं, पत्र उघडलं, पहिला आकडा घेतला. चारशे सात. तीनच्या वर आहे का? आहे.

भोंगा वाजला.

तो डाळमिलचा भोंगा. पूर्वी तीन शिफ्टच्या कामगारांना बोलावणारा. माझ्या वर्गातली पोरं एका क्षणात उभी राहिली आणि बाकं आडवी करत दाराकडे धावली. मी "सावकाश, सावकाश" ओरडत होतो आणि सर्वांत पुढे मीच होतो. जिन्यात दुसऱ्या मजल्याची पोरं, पहिल्या मजल्याची पोरं, आणि खाली शटर बंद. पुढची पोरं शटरवर हात आपटायला लागली. मागून रेटा. जिना एवढासा. एक मुलगी रडत होती. माझ्या काखेखालून एक पोरगा विचारत होता, "सर, नंतर वेळ वाढवून देणार का?"

जिन्याच्या खिडकीतून मला मैदान दिसत होतं. रेवणप्पा तिथे मधोमध जाऊन उभा होता, किल्ली त्याच्या खिशात. गल्ली सगळी मैदानावर. जगदेवीकाकूंच्या एका हातात देवघरातलं लिंग, दुसऱ्या हातात कुकर. आणि अनंतराव. ते तर अंगणातच होते, त्यांना फक्त चार पावलं चालायचं होतं. ते मैदानावर पोहोचले, मागे वळून क्लासकडे पाहिलं, शटरचा आवाज ऐकला, आणि रेवणप्पासमोर जाऊन हात पुढे केला.

"किल्ली."

"साहेब, भूकंप हाय!"

"किल्ली दे रेवणप्पा."

दहा वर्षं पक्क्या छताखाली न झोपलेला तो माणूस क्लासकडे पळत आला. कुलूप निघालं, शटर वर गेलं, आणि ते जिन्याच्या तोंडाशी, वरच्या स्लॅबच्या बरोबर खाली उभे राहिले. एक हात भिंतीला, एका हाताने पोरांना बाहेर काढत. "एकेक. हळू. पडू नको बाळ. तू ये." त्यांचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. पोरांना पुढे घालून शेवटचा बाहेर पडलो तो मी. ते तरीही आत बघत होते. "वर कुणी राहिलंय का?" म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि ते बाहेर आले.

मैदानावर मलप्पाशेठ बाईंना विचारत होते, "किती हाय?"

बाई घरातून पडदा बघून आल्या होत्या. त्यांचा चेहरा फळ्यावर उत्तर चुकलेल्या मुलीसारखा झाला होता.

"चारशे सात."

"चारशे?" शेठ म्हणाले. "किल्लारीला सहा-साडेसहा व्हता म्हणत्यात."

मग जगदेवीकाकू म्हणाल्या, "मंग आपण हाव का न्हाई?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. पोरं तर लोळायला लागली. फक्त संगमेश्वर हसत नव्हता, तो पांढराफटक पडून पुटपुटत होता, "पासवर्ड... बाई, मी पासवर्ड लावला." त्याच्याकडून सगळं ऐकल्यावर बाई तिथेच खाली बसल्या. "म्हणजे सासऱ्यांना विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाई आपल्या मनचं बोलल्या आणि मी गावाला ओरडून सांगितलं." लोकांना जन्मभर 'कुणी सांगितलं' म्हणून विचारणाऱ्या बाईंनी आपल्या प्रोग्रॅमला तेवढंच विचारायला शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात अंबरीशसर मोटारसायकलवरून आले. सगळी बॅच मैदानात हसताना बघून त्यांचं डोकं फिरलं. "बाई, माझी टेस्ट बुडाली! पालकांना काय सांगू? हा पोरखेळ बंद करा."

उत्तर दिलं ते अनंतरावांनी.

"अंबरीश," ते म्हणाले, "किल्लारीला लोकांनी दारं आतून लावलेली होती. झोपलेले होते. आम्ही बाहेरून तोडत होतो." त्यांनी खिशातून शटरचं कुलूप काढलं. ते त्यांनी अंबरीशसरांच्या हातात ठेवलं. "तू बाहेरून लावलंस. जाग्या पोरांवर."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. किल्लारीचं नाव त्या दहा वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होत्या. अंबरीशसरांनी कुलूप हातात फिरवलं आणि मोटारसायकल तशीच ढकलत क्लासकडे गेले.

त्या दिवसापासून शटरला कुलूप लागलं नाही. महिन्याभरात इमारतीच्या मागून लोखंडी जिना झाला. तो उतरतो मलप्पाशेठच्या मिलच्या आवारात, त्यामुळे शेठनी आधी बरीच कुरकुर केली आणि मग मिलमधलंच लोखंड दिलं. क्लास तो क्लासच. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत 'भूकंप-सज्ज वर्गखोल्या' हा मुद्दा निकालाच्या टक्केवारीच्याही वर छापून आला. ते बघून शेजारच्या दोन क्लासवाल्यांनी नुसतेच भोंगे बसवले, जिने नाही. अनंतराव त्या दोघांकडेही जाऊन आले. काय बोलले माहीत नाही, पण जिने झाले.

बाईंनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आधी पाकीट वाचायचं. त्यावर दोनशे हा आकडा असेल तरच उत्तर जिथून मागितलं तिथून आलंय असं समजायचं आणि पत्र उघडायचं. प्रॉक्सीने ओळख विचारली तर आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा. दुसरं काहीही आलं तर पडद्यावर लिहायचं: 'कळलं नाही.' मला ते फार आवडलं. तोवर मी 'कळलं नाही' असं कबूल करणारं काही लातुरात पाहिलं नव्हतं, माणूस किंवा क्लास.

अनंतरावांनी त्या पावसाळ्यात बाज ओसरीत आणली. हिवाळ्यात घरात. बाईंनी अंगणातल्या पत्र्याखाली कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

पुढे मी परत किनवटला आलो, ती दोघं लेकीकडे, मृण्मयीकडे, नांदेडला राहायला गेली. काही वर्षांनी नांदेडात जमिनीखालून आवाज यायला लागले, भांडी खडखडायला लागली, लोक रस्त्यावर येऊन बसायला लागले. काळजी वाटून मी बाईंना फोन केला.

"प्रोग्रॅम चालू आहे का बाई?"

"चालू आहे. आत्ताच 'कळलं नाही' म्हणाला. लाइन गेली असेल."

"आणि अनंतराव? ते कुठे आहेत?"

"कॉलनीतल्या लोकांना मैदानावर घेऊन गेलेत. कुठल्या जिन्याने कुणी उतरायचं ते समजावून सांगताहेत. मलाही बोलावणं आलंय." पलीकडून त्या कुणाला तरी म्हणाल्या, "आले, आले." मग मला म्हणाल्या, "ठेवते किनवटकर. हे म्हणताहेत ते ऐकावं लागतं आता. त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. किल्लारीने."